शेषम्मा आत्याची सही

८ एप्रिल २००२, सोमवार

ही डायरी विमा कंपनीनं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर इंग्रजीत छापलंय, 'आज किती जणांना भेटलात?' आज कोणालाच भेटले नाही, तेव्हा दुसरंच काही लिहिते. बाळबोध अक्षरात लिहिते, कारण तंजावरच्या या घरात ते माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नाही. माझा धाकटा भाऊ गणेशकुमार कधी शिकलाच नाही. त्याची बायको जया तमिळ वाचते. त्यांची नित्या मराठी समजते, पण उत्तर तमिळमध्येच देते. मला ती 'अत्तै' म्हणते, म्हणजे आत्या.

आज एजंटांच्या वर्गाचा पहिला दिवस. जुन्या बसस्टँडजवळ, कापडदुकानाच्या माडीवर. बावीस माणसं. वर्ग चालवते ती कविता, शाळेत माझी विद्यार्थिनी होती. मागच्या महिन्यात ती साडीला फॉल लावून घ्यायला घरी आली होती. फॉलचं काम सगळं जया घेते आणि जयाच देते, मी आतल्या खोलीत शिवते. त्या दिवशी जया देवळात गेलेली, म्हणून मला बाहेर यावं लागलं. "टीचर!" म्हणून कविता उठून उभी राहिली. दहा वर्षांत मला कोणी टीचर म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दापायी मी आज त्या माडीवर जाऊन बसले.

मी शाळा सोडली तेव्हा ती आठवीत होती. का सोडली ते तिला ठाऊक नसावं. टीचर आजारी आहेत, असंच मुलांना सांगितलं होतं.

घरी करायला दिलेलं काम: ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा. माझी अकरा झाली. मग तीन खोडली. त्या घरांत मी आता जात नाही.

१७ एप्रिल, बुधवार

आजचा धडा : गिऱ्हाइकानं अर्जात काही लपवता कामा नये, सगळा धंदा खऱ्या बोलण्यावर उभा आहे. पंख्याखाली बसूनही मला घाम फुटला. वही पुढ्यात धरून खाली बघत राहिले.

शेजारच्या बाकावर रंगराव म्हणून आपल्या तंजावरी मराठी लोकांतलेच एक गृहस्थ बसतात. कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. मधल्या सुट्टीत मराठीत विचारलं, "तुम्ही कोणाच्या घरातल्या, बाई?"

"ओरत्तनाडुकडच्या," मी म्हटलं. आम्ही चार पिढ्या तंजावरातच आहोत.

"असं का," म्हणाले, आणि आपल्या बाटलीतलं ताक माझ्या पेल्यात ओतलं. भला माणूस आहे. अशा माणसाशी खोटं बोलले.

५ मे, रविवार

आज नित्याला बघायला बंगळूरची मंडळी आली. आपल्यातलीच, मुलगा इंजिनियर.

सकाळी जया म्हणाली, "अक्का, आज तुम्हाला क्लास आहे ना?"

रविवारी वर्ग नसतो, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, "हो, आहे." पिशवीत वही घातली आणि निघाले. मोठ्या देवळाच्या ओवरीत दुपारभर बसले. दगड इतके तापलेले की पाय टेकवत नव्हते. पाच वाजता पोळीचा डबा उघडला, तर जयानं त्यात आज केलेली जिलबीसुद्धा घातली होती. तिची काही चूक नाही. लग्नाच्या घरात माझ्यासारखी बाई कोणाला दाखवावी?

सहा वाजता परतले. नित्या दारातच उभी होती. म्हणाली, "अत्तै, त्यांनी विचारलं, घरात अजून कोण असतं. अप्पा म्हणाले, कोणी नाही." मग माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. मुलं असं काहीबाही बोलून जातात.

१८ मे, शनिवार

शंभर तासांचा वर्ग आज संपला. कवितानं लायसन्सचे अर्ज वाटले. नाव, वडिलांचं नाव, शिक्षण हे मी वळणदार अक्षरात भरलं. दुसऱ्या पानावर प्रश्न होता : अफरातफर, विश्वासघात, फसवणूक किंवा खोटा दस्तऐवज करणं या गुन्ह्यांत कोर्टानं तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का? होय. नाही.

माझं पेन तिथंच थांबलं. कविता मागे येऊन उभी होती. हळूच म्हणाली, "टीचर, ती सगळी कलमं 'नाही' करा. सगळेच तसं करतात. कोणी तपासत नाही."

मी 'नाही'वर खूण केली. खाली सही केली. माझी स्वतःची, इंग्रजीतली.

घरी आल्यावर गणेशला सांगितलं. त्यानं सुस्कारा सोडला. "बरं केलंस, अक्का. झालं गेलं कशाला उकरायचं?"

१९ मे, रविवार

जेवण गेलं नाही. उन्हानं असेल म्हणून जयानं लिंबाचं सरबत दिलं.

हे मी कधीच कुठं लिहिलेलं नाही. आज लिहिते.

आई गेल्यावर आम्हा दोघांना शेषम्मा आत्यानं वाढवलं. तिचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर तिला पेन्शन असे. मला बाळबोध तिनंच शिकवलं, पाटीवर, माझा हात आपल्या हातात धरून. १९९१ च्या सप्टेंबरात ती रामेश्वरला गेली आणि तिथंच वारली. बँकेला कोणी कळवलं नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. गणेशची तेव्हा वीज मंडळातली नोकरी नवी, जयाचं बाळंतपण बिघडलेलं, दुसरं मूल पोटातच गेलं. तो म्हणाला, "अक्का, आत्यासारखी सही तूच करू शकशील. एवढी एकच कर." मी केली. मग दर महिन्याला पैसे काढायच्या कागदावर केली. ऑगस्टपर्यंत. मेलेल्या बाईला मी अकरा महिने जिवंत ठेवलं.

कोणीतरी बँकेला निनावी पत्र घातलं. आत्याची सही बाळबोधात होती. तंजावरात तसं लिहिणारं घरात कोण, एवढंच पोलिसांनी विचारलं. मी म्हटलं, मी. गणेशचं नाव घेतलं नाही. त्याची नोकरी सरकारी, माझी खासगी शाळेतली. १९९४ ला निकाल लागला, सहा महिने. तिरुच्चीच्या जेलात कोणी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिथंही मी बायकांची पत्रं लिहून देत असे. नित्याला सांगितलं होतं की अत्तै कोइमतूरला नोकरीला आहे.

लाज वाटते ती जेलची नाही. तिनं शिकवलेल्या अक्षराचं मी हे केलं, त्याची वाटते. आणि काल पुन्हा एका कागदावर खोटं लिहिलं.

२० मे, सोमवार

नऊला कंपनीच्या दारात. अर्जांचा गठ्ठा दुपारी तिरुच्चीला जाणार होता. मी म्हटलं, "कविता, माझा अर्ज परत दे."

"का, टीचर?"

 तिनं दार लावून घेतलं, खुर्ची दिली. "मी जेलमध्ये होते," मी म्हटलं. "सहा महिने. मी खोटी सही..."

"माहीत आहे, टीचर."

मी खुर्चीवरून अर्धवट उठले.

"आख्ख्या आठवीला माहीत होतं. आम्ही दोघी-तिघी कोर्टाच्या फाटकाशीसुद्धा आलो होतो. पोलिसांनी हाकललं." तिचे डोळे भरले. "तुम्हाला ते लिहावं लागू नये म्हणून मी 'नाही' करा म्हटलं. माझंच चुकलं."

म्हणजे ही गेले सहा आठवडे माझ्यासमोर उभी राहून शिकवत होती, आणि तिला माहीत होतं. धरणी दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं झालं.

मग तिनं कायद्याचं पुस्तक काढलं. शिक्षा भोगून पाच वर्षं झाली असतील, तर हैदराबादच्या विमा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ते सहसा अडवत नाहीत, असं तिथंच लिहिलंय. मात्र निकालाची नक्कल हवी, सुटकेचा दाखला हवा, आणि काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला हवं.

माझा अर्ज तिनं माझ्या हातात दिला. मी तो तिथंच फाडला.

२३ मे, गुरुवार

निकालाची नक्कल गणेशजवळ होती. मागितली.

"ती? भिजली. कधीच टाकून दिली." मग त्याचा आवाज चढला. "तुला काय कमी आहे इथं, अक्का? चौकशीला पोलीस घरी येतील. नित्याचं जमत आलंय. तिच्या लग्नापर्यंत तरी थांब."

"त्या मंडळींना तू सांगितलंस घरात कोणी नाही म्हणून?"

 जया स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत गेली.

"सरी," मी म्हटलं. लहानपणापासून त्याच्या प्रत्येक गोष्टीला असंच 'बरं' म्हणत आलेय.

५ जून, बुधवार

थांबायचं ठरवलं होतं, तरी आज रंगरावांकडे गेले. वाटेत कालवा कोरडा ठणठणीत होता, मुलं आत गोट्या खेळत होती. रंगराव दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णईवर, पेपर वाचत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मी ओरत्तनाडुची नाही, खोटं बोलले. मला कोर्टातून एका निकालाची नक्कल हवी आहे. माझ्यावरच्या."

त्यांनी चष्मा काढला. "चौऱ्याण्णवचं रजिस्टर रेकॉर्डरूममध्ये वरच्या फळीवर असतं. अर्ज लिहून द्या, पुढचं मी बघतो."

वर्ष त्यांना कसं कळलं? बोलण्याच्या ओघात मीच सांगितलं असेल.

२१ जून, शुक्रवार

नक्कल मिळाली. चौदा पानं, इंग्रजीत टाइप केलेली. रंगरावांनी ती पाकिटात बंद करून दिली आणि म्हणाले, "बाई, वाचायलाच हवी असं नाही. तशीच जोडून दिली तरी चालते."

घरी येऊन वाचली. माझं इंग्रजी शाळेपुरतं. शब्दकोश घेऊन बसले.

सहाव्या पानावर सरकारी साक्षीदार क्रमांक तीन. गणेशकुमार, वय चौतीस, आरोपीचा भाऊ. त्यानं शपथेवर सांगितलं की आत्याच्या सहीचा सराव करताना आरोपीला त्यानं पाहिलं, असं करू नकोस म्हणून बजावलं, पैसे आरोपीनं कशाला वापरले हे त्याला ठाऊक नाही. खाली लिहिलंय, आरोपीतर्फे उलटतपास नाही. आरोपी गैरहजर, वकिलांमार्फत परवानगी.

त्या दिवशी मला ताप होता. खरं तर उतरला होता. गणेशच म्हणाला, "अक्का, उद्या येऊ नकोस, वकिलांशी बोललोय. किरकोळ तारीख आहे." वकीलही त्यानंच लावले होते.

टाइप करणाऱ्याची चूक असेल का?

चौदा पानांत एकही चूक दिसत नाही.

२२ जून, शनिवार

वाचायला नको होतं. भावाला उघडं पाहावं तसं झालं.

२३ जून, रविवार

तो घाबरला असेल. चौतीस म्हणजे वय ते काय. पदरात लहान मूल. मीच त्याचं नाव घेतलं नाही, म्हणजे त्यानं सुटावं हे मलाच हवं होतं. मग तो सुटला कसा, याचं वाईट का वाटावं?

पण त्यानं बजावलं म्हणून सांगितलं. नको करूस म्हणून बजावलं. तेवढा एक शब्द गळ्याखाली उतरत नाही.

आज त्याला वाढताना रसम ताटाबाहेर सांडलं. त्यानं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "उन्हानं."

१ जुलै, सोमवार

हैदराबादचा अर्ज आज रजिस्टर पोस्टानं गेला. निवेदन लिहायला आठ दिवस लागले. रंगराव म्हणाले, "सहाव्या पानाबद्दल लिहा, बाई. तुम्ही एकट्या नव्हता हे कागदावर येऊ दे. फायदा होईल."

म्हणजे त्यांनी वाचलंय. कोर्टात तेव्हाच ऐकलं असेल. इतकी वर्षं या गावात मी एकटीच होते जिला ते ठाऊक नव्हतं.

मी लिहिलं : सह्या मी केल्या. चूक आहे हे कळत असताना केल्या. शिक्षा भोगली. आता कोणाची सही मी करणार नाही, माझीच करीन.

गणेशचं नाव घातलं नाही. हा चांगुलपणा की पुन्हा तीच सवय, मला सांगता येणार नाही. पण गेल्या खेपेला मी त्याच्यासाठी गप्प बसले होते. या वेळी जे माझं होतं तेवढं लिहिलं. बाकीचं त्याचं आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

एजंटांच्या परीक्षेत पास. पन्नासांपैकी चव्वेचाळीस. कवितानं सगळ्यांना फिल्टरची कापी पाजली. लायसन्स मात्र हैदराबादहून उत्तर येईपर्यंत अडलेलं. बंगळूरकरांकडून होकार आला. साखरपुडा कार्तिकात. जया मला म्हणाली, "तेव्हा तुम्ही चार दिवस तिरुवैयारुला..." आणि वाक्य अर्धवट टाकून आत गेली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज पोलीस आला. सकाळी दहाला, वर्दीत, सायकलवरून. समोरच्या घरातल्या बायका गॅलरीत आल्या. मी आतल्या खोलीत गेले. मशिनच्या स्टुलावर बसले. गणेश रजेवर घरीच होता. त्यानं दार उघडलं.

ऐकू येत होतं सगळं. पोलीस वयस्क होता, सावकाश बोलत होता. "वासुकी बाई इथंच राहतात? हैदराबादहून कागद आलाय. चालचलणुकीची चौकशी. तुम्ही कोण?"

"भाऊ."

"सख्खा? मग तुमचाच जबाब घेतो. गेल्या पाच वर्षांत त्यांच्यावर काही तक्रार, भांडण, पैशांचं प्रकरण?"

"नाही."

"वागणूक कशी आहे?"

 मग गणेश म्हणाला, "चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली."

"'माझ्यापेक्षा' लिहायची जागा नाही इथं, सार." पोलीस हसला. "सही करा."

मग गणेशनं विचारलं, "आधीचं काही लिहिता येईल का? ब्याण्णवचं, चौऱ्याण्णवचं?"

"ते कशाला? त्याचा निकाल कोर्टानं दिलाय. आम्हाला पाचच वर्षं."

त्यानं सही केली असावी. सायकलची घंटी वाजली. मी बाहेर आले तेव्हा तो दारातच उभा होता, समोरच्या बायका बघत असताना. दार त्यानं लावलं नव्हतं.

मी कापी केली आणि त्याच्याजवळ ठेवली. 

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हैदराबादचं पत्र आलं. नित्यानं पोस्टमनकडून घेतलं, माझ्याकडे आणलं आणि म्हणाली, "अत्तै, मी वाचू?" तिनं वाचलं. सदर शिक्षा यापुढे अर्जदारास अपात्र ठरवणार नाही. मुलीनं ते दोनदा वाचलं. कुठली शिक्षा, कधीची, हे तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "कोइमतूरहून तुम्ही मला एकही पत्र लिहिलं नाही, अत्तै. तुम्ही कोणालाही पत्र लिहिता."

ती आत गेल्यावर मी बराच वेळ रडले. सुटल्यासारखं वाटलं नाही, खरं सांगायचं तर. आता कार्डावर माझं नाव छापणार, लोकांच्या दारात जाणार, ती माणसं मला ओळखणार. पण जाईन.

संध्याकाळी गणेश आला. पत्र टेबलावर होतं. त्यानं उचललं, वाचलं, ठेवलं. खुर्ची असून खाली जमिनीवर बसला, भिंतीला टेकून.

"अक्का, निकालाची नक्कल तू आणलीस."

"आणली."

"वाचलीस?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्याला वाचवायला मी इतकी सरावलेय. पण म्हटलं, "वाचली. सहावं पानसुद्धा."

त्याचा चेहरा मी पाहिला. बेचाळीस वर्षांचा, केस पिकलेले, आणि तोंड लपवायला जागा नाही. ते कसं असतं, मला ठाऊक आहे. दरवेळी मी म्हणत आलेय, राहू दे, झालं गेलं. आज ओठांवर तेच आलं होतं. मी ते म्हटलं नाही.

"सांग," मी म्हटलं. "सगळं सांग. मी ऐकते."

त्यानं सांगितलं. वकिलांनी काय पढवलं, तो पिंजऱ्यात कसा उभा राहिला, घरी येऊन मला कसं म्हणाला की तारीख पडली. पहिल्या सहीच्या वेळी मी दोनदा नाही म्हटलं होतं, हे मी विसरले होते, त्याच्या लक्षात होतं. सांगताना एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पुढे कधी तरी ठेवीन.

शेवटी त्यानं विचारलं, "नित्याला सांगायचं?"

"ते तुझं तू ठरव."

 स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं, म्हणजे जयाही ऐकत होती. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, दाराकडे वळला आणि हाक मारली, "नित्या, इकडे ये. तुझ्या आईलाही घेऊन ये."